हार्डिनचं कुरण, वाघाडचा कालवा आणि माझा फसलेला पहिला परिच्छेद

माझ्या पीएचडीच्या संशोधन आराखड्याचा पहिला परिच्छेद साधारण असा होता: नाशिक जिल्ह्यात विहिरींची पातळी खाली चालली आहे, कारण भूजल हे सामायिक संसाधन आहे आणि सामायिक संसाधनांची शोकांतिका अटळ असते. पुढे 'हार्डिन, 1968' असा संदर्भ. मला वाक्य आवडलं होतं. वजनदार वाटत होतं.

सरांनी वाचलं आणि विचारलं, "हार्डिनचा पेपर वाचलास?"

"हो सर."

"मग सांग, त्यातला किती भाग कुरणावर आहे आणि उरलेला कशावर आहे?"

मला सांगता येईना, कारण मी तो वाचलाच नव्हता. एमएस्सीच्या नोट्समध्ये त्याचा चार ओळींचा सारांश होता, एका पाठ्यपुस्तकात कुरणाचं चित्र होतं आणि इतरांच्या पेपरांत संदर्भ होता. तो मी उचलला होता. सर रागावले नाहीत. "सहा पानं आहेत, आज वाच, उद्या बोलू," एवढंच म्हणाले.

ती सहा पानं वाचल्यावर माझा परिच्छेद तर गेलाच, पण आराखड्याचा प्रश्नसुद्धा बदलला. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट, पेट किंवा आराखड्याच्या तयारीत आहात आणि नैसर्गिक संसाधनांवर काही लिहायचं म्हटलं की हे नाव तुमच्यासमोर येणारच. म्हणून आज त्या निबंधाचंच परीक्षण करू. त्यात काय आहे, काय पक्कं आहे, काय कच्चं आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या पाण्यावर तो घासून पाहिला तर काय उरतं, ते बघू.

निबंधात खरोखर काय आहे

गॅरेट हार्डिन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. 'द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स' हा त्यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात 13 डिसेंबर 1968 च्या अंकात आला. पण मुळात हा प्रयोगाचा किंवा क्षेत्रपाहणीचा पेपर नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एका विज्ञान संघटनेच्या बैठकीत त्यांनी केलेलं ते अध्यक्षीय भाषण आहे. त्यात तक्ता नाही, आलेख नाही, एकाही खऱ्या कुरणाची माहिती नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त धक्का देणारी होती. निबंधाचा विषय कुरण नाहीच, लोकसंख्या आहे. कुरणाचं उदाहरण जेमतेम काही परिच्छेदांचं आहे आणि तेसुद्धा हार्डिन यांचं स्वतःचं नाही. विल्यम फॉर्स्टर लॉइड या इंग्रज अभ्यासकाच्या 1833 च्या पुस्तिकेतून ते घेतलंय, आणि हार्डिन तसं प्रामाणिकपणे सांगतात. लॉइड यांचा विषयही लोकसंख्याच होता.

उदाहरण आपल्या भाषेत असं मांडता येईल. एका मोकळ्या कुरणावर दहा गुराखी आहेत. कुरणाची ताकद संपत आलीय. एका गुराख्याने आणखी एक गाय सोडली, तर त्या गाईचं सगळं दूध त्याचं. चारा कमी पडल्याचा तोटा मात्र दहा जणांत वाटला जातो, त्याच्या वाट्याला एक दशांश. म्हणजे त्याच्यापुरता हिशेब फायद्याचा आहे. हाच हिशेब दहाही जण करतात आणि कुरण बसतं. यात कुणी वाईट नाही, मूर्खही नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणाच आहे, आणि हार्डिन यांना 'शोकांतिका' म्हणायचंय ते यालाच.

यावरून ते लोकसंख्येकडे वळतात. मुलं किती होऊ द्यायची हे स्वातंत्र्य प्रत्येकाकडे राहिलं तर पृथ्वीचं कुरण बसेल, म्हणून ते स्वातंत्र्य काढून घ्यावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. कुटुंबाचा आकार ठरवायचा हक्क कुटुंबाचा, या संयुक्त राष्ट्रांच्या भूमिकेवर ते उघड टीका करतात. पुढे 1974 मध्ये त्यांनी जीवनरक्षक नौकेची उपमा वापरून गरीब देशांना अन्नमदत देऊ नये असा युक्तिवाद केला. भारतासारखे देश त्या नौकेच्या बाहेर, पाण्यात होते. आपण नाशिकमध्ये बसून ज्या निबंधाचा संदर्भ सहज टाकतो, त्याच्या लेखकाचा पुढचा प्रवास आपल्याला निदान माहीत तरी असावा.

पक्कं काय आहे

परीक्षण म्हणजे फक्त चुका काढणं नव्हे, म्हणून आधी त्यांची बाजू.

तो हिशेब बरोबर आहे. फायदा एकाचा आणि तोटा सगळ्यांचा असेल, आणि कुणी कुणाला अडवू शकत नसेल, तर संसाधन संपतं. समुद्रातली मासेमारी किंवा हवेचं प्रदूषण यांना हे नेमकं लागू पडतं. प्रदूषणाबद्दल हार्डिन यांनी केलेलं निरीक्षण मला आजही आवडतं: इथे कुणी कुरणातून काही नेत नाही, उलट त्यात घाण टाकतो, पण हिशेब तोच राहतो. गोदावरीच्या पात्रात सांडपाणी का येतं हे समजून घ्यायला ते पुरेसं आहे.

दुसरं, सगळे प्रश्न तंत्राने सुटत नाहीत, काही प्रश्न माणसांच्या वागण्याचे आणि नियमांचे असतात, हे त्यांनी विज्ञानाच्या नियतकालिकात ठासून सांगितलं. आपण विज्ञान शाखेचे विद्यार्थी ठिबक, सेन्सर, उपग्रह यांत रमतो. आपल्याला हे ऐकायची गरज आहे.

कच्चं काय आहे

आता उलट बाजू. मला तीन दोष दिसतात.

पहिला दोष व्याख्येचा. हार्डिन यांचं कुरण 'सर्वांना मोकळं' आहे. म्हणजे ते कुणाचंच नाही. पण सामायिक म्हणजे बेवारस नव्हे. गावाचं गायरान गावाचं असतं, कुणी चारायचं, कधी चारायचं, याचे नियम असू शकतात. इंग्लंडमधल्या ज्या गावकुरणांवरून हे चित्र घेतलंय, तिथेही अनेक ठिकाणी कुणी किती जनावरं सोडायची हे ठरलेलं असे. सिरिॲसी-वान्ट्रप आणि बिशप यांनी 1975 मध्येच हा फरक स्पष्ट मांडला: कुणाचीच मालकी नसलेली गोष्ट वेगळी आणि ठरावीक लोकांची सामायिक मालकी असलेली गोष्ट वेगळी. खुद्द हार्डिन यांनी तीस वर्षांनी, 1998 मध्ये, 'सायन्स'मध्येच मान्य केलं की आपल्या निबंधातली सर्वांत जड चूक म्हणजे 'व्यवस्थापन नसलेलं' हे विशेषण गळालं. एक विशेषण! पण त्या एका विशेषणाच्या अभावी जगभरच्या धोरणांना 'लोकांकडून होणार नाही' असं म्हणायला आधार मिळाला.

दुसरा दोष माणसांबद्दलच्या गृहीतकाचा. हार्डिन यांचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. शेजारी राहतात, पण भांडत नाहीत, बैठक बसवत नाहीत, कुणाला दंड करत नाहीत, कुणाच्या लग्नाला जायचं बंद करत नाहीत. असं गाव मी तरी अजून पाहिलेलं नाही.

तिसरा दोष पर्यायांचा. शेवटी दोनच मोठे रस्ते उरतात: खाजगी मालकी किंवा सरकारी सक्ती. गंमत म्हणजे, बाधित लोकांनी आपसांत ठरवून एकमेकांवर घातलेली सक्ती हा तोडगा त्यांनी स्वतःच लिहिला आहे. पण उदाहरणं देताना ते कर, पार्किंगचे मीटर अशा शासनाच्या गोष्टींकडे जातात. लोक स्वतः अशी सक्ती उभी करू शकतात का, हा प्रश्न त्यांनी तपासलाच नाही. उत्तर मात्र आपल्याच जिल्ह्यात, निबंधाच्या कितीतरी आधीपासून वाहत होतं.

पहिली तपासणी: बागलाणातले फड

सटाण्याकडे मोसम आणि आरम या नद्यांवर, तसंच धुळे जिल्ह्यात पांझरेवर, जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांखाली फड. ही फड पद्धत तीनेकशे वर्षं तरी जुनी मानली जाते.

पद्धत अशी. बंधाऱ्याखालचं सगळं भिजणारं क्षेत्र मोठ्या तुकड्यांत विभागायचं, त्या तुकड्याला म्हणायचं फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात बाजरी किंवा गहू, पुढच्या वर्षी फेरपालट. शेतकऱ्यांच्या जमिनी साधारण वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असतात. पाऊस कमी झाला तर सगळे मिळून ठरवतात की यंदा अमुक फड पडीक ठेवायचा. मग तोटा एकट्या शेवटच्या माणसावर येत नाही, थोडा थोडा सगळ्यांवर येतो.

आणखी महत्त्वाचं म्हणजे, शेतकऱ्याने स्वतःच्या वावराला स्वतः पाणी द्यायचं नाही. पाटावर पाटकरी, शेताला पाणी भरायला बारेकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि देखरेखीला हवालदार. त्यांना मोबदला शेतकरी मिळून देतात. बारेकऱ्याला अमुक एका वावरात पाणी जास्त सोडून काही मिळायचं नाही. चोरीचा मोह ज्याला होऊ शकतो, त्याच्या हातात फावडंच द्यायचं नाही.

आता हार्डिन यांचा हिशेब इथे लावून बघा. 'आणखी एक गाय' म्हणजे इथे 'आणखी एक पाळी पाणी'. ती घेण्याचा फायदा एकाचाच, तोटा सगळ्यांचा. हिशेब तोच आहे, पण शोकांतिका शेकडो वर्षं झाली नाही, कारण त्या हिशेबाच्या भोवती लोकांनी कुंपण घातलं होतं.

मग फड आज मोडकळीला का आले? इथे उत्साहाच्या भरात खोटं लिहू नये. वरच्या बाजूला धरणं झाली, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. नदीचा बारमाही प्रवाह धरणाच्या आवर्तनावर आला. विहिरी आणि पंप आले, तेव्हा ज्याची विहीर त्याला पाटाची गरज उरली नाही. बाजाराने प्रत्येकाला वेगळं पीक घ्यायला लावलं, आणि एका फडात एक पीक हा नियम सुटला. म्हणजे ही व्यवस्था आतल्या लोभाने संपली असं म्हणण्यापेक्षा, तिच्या पायाखालची नदी आणि अर्थव्यवस्था बदलली असं म्हणणं पुराव्याला जास्त धरून आहे. हार्डिन यांच्या चौकटीत ही शक्यता बसतच नाही.

दुसरी तपासणी: ओझरच्या पाणी वापर संस्था

फड म्हणजे जुनी गोष्ट, तेव्हाचे लोक वेगळे होते, असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरं उदाहरण आपल्या आठवणीतल्या काळातलं.

दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण पालखेड धरणसमूहातलं. त्याच्या कालव्याच्या शेवटाला, निफाड तालुक्यात, ओझर. कालव्याचं दुखणं सगळीकडे सारखंच: मुखाकडच्या शेताला पाणी धो धो, टेलच्या शेताला कोरडी चारी. कागदावर लाभक्षेत्रात, प्रत्यक्षात कोरडवाहू. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर असायची, पाणी किती घेतलं यावर नाही. मग वाचवायचं कशाला?

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांना संघटित केलं. 1990-91 च्या सुमारास टेललाच तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. त्यांनी पाटबंधारे खात्याशी करार केला. खात्याने संस्थेला चारीच्या तोंडाशी पाणी मोजून द्यायचं, म्हणजे घनमापन पद्धतीने, आणि संस्थेने आत वाटायचं, पट्टी गोळा करायची, चारी दुरुस्त ठेवायची. पीक कोणतं घ्यायचं हे शेतकऱ्याने ठरवायचं.

मोजून पाणी मिळतंय म्हटल्यावर वागणं बदललं. वाचलेलं पाणी आपलंच, हे दिसायला लागलं. संस्थांनी आपल्या कोट्यातलं पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींना पाझर दिला आणि विहिरीवाल्यांकडूनही त्याची पट्टी घेतली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पृष्ठजल आणि भूजल एकच आहे हे आपण जलचक्राच्या आकृतीत शिकतो. या लोकांनी ते पावतीपुस्तकात आणलं. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात मिळून 24 संस्था झाल्या आणि त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था झाली. राज्याने 2005 मध्ये सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, त्यामागे अशा अनुभवांचाही हात होता.

हे ना खाजगीकरण, ना निव्वळ सरकारी सक्ती. धरण सरकारचं, चारी संस्थेची, पीक शेतकऱ्याचं. हार्डिन यांच्या दोन रस्त्यांच्या मधली ही वाट आहे.

एलिनॉर ऑस्ट्रम आणि तिथेही थांबायचं नाही

ही मधली वाट जगभर शोधून तिची मांडणी एलिनॉर ऑस्ट्रम यांनी केली. त्यांचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' 1990 चं, म्हणजे ओझरच्या संस्था उभ्या राहत होत्या त्याच सुमाराचं. स्वित्झर्लंडमधली डोंगरकुरणं, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपिन्समधल्या पाणी संस्था अशा दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांतून त्यांनी आठ सूत्रं काढली: सीमा स्पष्ट हव्यात, नियम स्थानिक परिस्थितीला धरून हवेत, ज्यांना नियम लागू त्यांचा ते ठरवण्यात वाटा हवा, देखरेख हवी, दंड चढत्या क्रमाने हवा, भांडण सोडवायची स्वस्त सोय हवी, सरकारने संघटनेचा हक्क मान्य करावा, आणि मोठ्या संसाधनासाठी एकात एक गुंफलेल्या संस्था हव्यात. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, साल 2009.

फड घ्या किंवा वाघाड घ्या, बरीचशी सूत्रं टिकमार्क करता येतात. आणि इथेच आपला दुसरा सापळा आहे. हार्डिनच्या जागी ऑस्ट्रम लिहिलं की काम झालं, असं नाही. सरांपुढे दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी नेमकं तेच केलं होतं.

ऑस्ट्रम यांच्या चौकटीलाही प्रश्न विचारले पाहिजेत. एक, संस्थेत समन्याय आहे का? पाणी वापर संस्थेचा सभासद लाभक्षेत्रातला जमीनधारक असतो. ज्याला जमीनच नाही, त्या मजूर बाईचा पाण्यावर काय हक्क? व्यवस्था टिकाऊ आहे म्हणजे ती न्याय्य आहे असं होत नाही. फडातल्या बारेकऱ्याला स्वतःच्या वावराला पाणी होतं का, हे विचारायला हवं. न. स. जोधा यांनी 1986 मध्ये सात राज्यांतल्या ऐंशीहून अधिक कोरडवाहू गावांच्या अभ्यासातून दाखवलं होतं की सामायिक जमिनींवर सर्वांत जास्त अवलंबून गरीब कुटुंबंच असतात. मग नियम ठरवणाऱ्या बैठकीत ती बसतात का?

दोन, प्रमाण. वाघाडचं पाणी शेवटी गोदावरीचं. गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरवरून जायकवाडीला जाते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने जायकवाडीचा उपयुक्त साठा ऑक्टोबरच्या मध्याला 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलं. तुटीच्या वर्षी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद होतो, मोर्चे निघतात, कोर्टात जावं लागतं. चारीवर एकमेकांना ओळखणारी तीनशे माणसं एका बैठकीत बसू शकतात. निफाडचा द्राक्षवाला आणि पैठणच्या खालचा शेतकरी कुठल्या बैठकीत बसतील? ऑस्ट्रम यांचं आठवं सूत्र दिशा दाखवतं, पण ती गुंफण कशी घालायची हे अजून कुणाला नीट जमलेलं नाही. संशोधनाला जागा आहे ती इथे.

मग भूजलाचं काय?

आता माझ्या मूळ परिच्छेदाकडे. हार्डिन यांचं मोकळं कुरण नाशिकमध्ये कुठे आहे, असं विचारलं तर मी अजूनही भूजलाकडेच बोट दाखवीन. पण कारण वेगळं देईन.

1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचं पाणी जमीनमालकाने उपसायचं, असाच व्यवहार चालत आला आहे. पण खडकाला सातबारा माहीत नाही. आपला दख्खनचा बेसाल्ट थराथरांचा: वर मुरूम, मग कुठे पाणी धरणारा मांजऱ्या, कुठे भेगा, खाली काळा पाषाण. पाणी त्या भेगांतून तुमच्या बांधाखालून माझ्या विहिरीत येतं. म्हणजे कायद्याने पाणी खाजगी, निसर्गाने सामायिक. माझी विहीर खोल गेली की तुमची आटते, मग तुम्ही बोअर घेता. 2009 च्या राज्याच्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आणली, पण रात्रीतून आलेली बोअरची गाडी कोण अडवणार?

बघा, इथे शोकांतिका 'सामायिक मालकी'मुळे नाही. उलट, जे सामायिक आहे त्याला खाजगी मानल्यामुळे आहे. हार्डिन यांचा एक तोडगाच इथे रोगाचं कारण आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवलं तर ते संरक्षण. विहिरीतून उपसून तळं भरलं तर ते सामायिक पाण्याला खाजगी कुंपण, वर उन्हाळाभर बाष्पीभवन.

दिंडोरी तालुक्यात पाहणीला गेले तेव्हा माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: 'तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी उपसता का?' एका बागाईतदार काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "ताई, मी थांबलो तर पाणी राहील का? शेजारचा उपसंल. आम्ही दोघं कधी थांबू, ते विचारा की." मला त्या वेळी तो चेष्टेचा सूर वाटला. घरी येऊन टिपणं काढताना लक्षात आलं की काकांनी हार्डिन यांचा हिशेब एका वाक्यात सांगितला होता, आणि त्याच्या पुढचा, हार्डिन यांनी न विचारलेला प्रश्नही. माझी प्रश्नावली त्यांना गुन्हेगार धरून लिहिली होती. ती तशी का झाली? कारण न वाचलेल्या निबंधातून मी निष्कर्ष आधीच उचलला होता.

'दोघं कधी थांबतात' याचं एक उत्तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारने दिलंय. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची, शेतीला बोअर घ्यायची नाही. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या संसाधनाभोवतीही नियम घालता येतात. हिवरे बाजारला ते जमलं आणि बहुतेक गावांना का जमत नाही, हा खरा प्रश्न आहे. माझ्या आराखड्याचा प्रश्न आता तो आहे.

तुमच्यासाठी चार प्रश्न

कुठलाही 'क्लासिक' पेपर संदर्भात टाकण्याआधी हे स्वतःला विचारा:

1. मी मूळ पेपर वाचलाय का, की दुसऱ्याने केलेला सारांश? लेखकाने नंतर स्वतःचं काही दुरुस्त केलंय का?
2. यात पुरावा आहे की विचारप्रयोग? विचारप्रयोग वाईट नसतो, पण त्याला पुराव्याच्या जागी बसवू नका.
3. त्यातल्या मुख्य शब्दाची व्याख्या काय? 'सामायिक' आणि 'मोकळं' यांतला एवढासा फरक सगळा युक्तिवाद उलटवू शकतो.
4. माझ्या जिल्ह्यातलं कुठलं उदाहरण याला छेद देतं? ते सापडत नसेल तर बहुधा अजून शोधलेलं नाही.

शेवटच्या प्रश्नासाठी एक विनंती. आवर्तन सुरू असताना एखाद्या दिवशी ओझरच्या बाजूला कालव्यावर जा. चारीच्या तोंडाशी पाणी कसं मोजतात ते बघा, संस्थेच्या कार्यालयात बसा, नोंदवही बघायला मागा, टेलच्या शेतकऱ्याशी बोला. आणि ज्यांची जमीन नाही अशा निदान दोघांशी बोला. आपल्या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम तिथे आहे.

माझा नवा पहिला परिच्छेद अजून सरांकडे आहे. त्यात हार्डिन आहेत, ऑस्ट्रमही आहेत. पण सुरुवात काकांच्या प्रश्नाने केलीय. बघू, काय म्हणतात ते.